कन्व्हिक्शन : निष्ठा की गुन्हा?

पेपरात ‘कन्व्हिक्शन रेट’ वाचला की तो दोषसिद्धीचा हिशेब. पण एखादा ‘कन्व्हिक्शनने बोलतो’ म्हटलं की त्याची मनापासूनची, न ढळणारी खात्री. शब्द एकच. मूळ लॅटिन ‘विंकेरे’, म्हणजे जिंकणे. पुराव्याने ज्याला जिंकलं तो ‘कन्व्हिक्ट’, युक्तिवादाने ज्याला जिंकलं तो ‘कन्व्हिन्स’ झालेला. इंग्रजीत कोर्टातला अर्थ आधी रुळला, मनातला नंतर.

मराठीने दोघांची घरं वेगळी ठेवली, हे बरंच केलं. इकडे दोषसिद्धी; तिकडे निष्ठा, ठाम विश्वास, बोलीत काळ्या दगडावरची रेघ. मात्र दोषसिद्धीलाच ‘शिक्षा’ म्हणायची चूक सर्रास होते. न्यायाधीश आधी दोषी ठरवतात, शिक्षा मग सुनावतात.

अकोले तालुक्यातल्या राजूर गावच्या लोकांना दोन्ही अर्थ एकाच माणसात सापडतील. त्याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकारशाही आणि इंग्रजांविरुद्ध उठले, ते पहिल्या अर्थाची पर्वा न करता, दुसऱ्याच्या जोरावर. कंपनी सरकारने त्यांना दोषी ठरवलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.