घाटाखालचं लिहून झालं, घाटावरचं बाकी आहे

परतवाडा सुटलं की बिहाली लागतं, तिथून चढण चढत घटांग, आणि घटांगपासून वळणं उतरत गेलं की सिपना नदीकाठचं सेमाडोह. पुढे कोलकास, हरिसाल, धारणी. या रस्त्यानं बाराही महिने माणसं येतात. कुणी वाघ बघायला, कुणी पाऊस बघायला, कुणी गवळ्यांचा खवा न्यायला, कुणी सर्वेक्षणाचे तक्ते भरायला. लेखकही येतात. वऱ्हाडातले लेखक आणि त्यांना लिहितं करणारी गावं, मोहल्ले, नदीकाठ यांचा आढावा घ्यायचा तर अमरावतीच्या राजकमल चौकातून किंवा अकोल्याच्या मोर्णेकाठावरून निघण्याची रीत आहे. मी सेमाडोहपासून निघतो आहे, कारण इथे उभं राहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. घाटाखालचं वऱ्हाड त्याच्या लेकरांनी गल्लीगल्लीनं, वावरावावरानं लिहून काढलं. घाटावरचा मेळघाट मात्र बहुतेक वेळा पाहुण्यांनी लिहिला.

जागा लिहून ठेवण्याची सवय अमरावती जिल्ह्याला फार जुनी आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंचं गाव. चक्रधरस्वामींच्या पश्चात त्यांचा शिष्यपरिवार इथे जमला, म्हाइंभटांनी ज्याच्या-त्याच्याकडून आठवणी गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. महदंबेचे ‘धवळे’ याच परिसरातले. गोविंदप्रभूंच्या लीळा वाचताना तर तेव्हाचं रिद्धपूर पायाखाली येतं. कुणाच्या अंगणात शिरणं, कुणाच्या हातचं खाणं, बाजार, देवळं, विहिरी आणि गावानं वेशीबाहेर ठेवलेली वस्तीसुद्धा. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंना गोविंदप्रभूंच्या लीळांचा हा ग्रंथ इंग्रजीत न्यावासा वाटला आणि १९८४ साली त्यांचा अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यामागे भक्तीइतकंच हे गावपणही असलं पाहिजे, असं मला वाटतं.

महानुभावांनी याच्याही पुढे एक पाऊल टाकलं. त्यांनी ‘स्थानपोथी’ लिहिली. स्वामी कुठे बसले, कुठे राहिले, ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, तिथून दुसरं स्थान किती दूर, हे सारं तीत नोंदवलेलं आहे. गोष्ट जपायची तर ती जिथे घडली ती जागाही जपली पाहिजे, एवढी जाणीव सात शतकांपूर्वीच्या मराठी माणसाला होती. वि. भि. कोलते यांनी या ग्रंथांच्या संपादनासाठी आयुष्य वेचलं, आणि तेही वऱ्हाडातलेच. मला ‘स्थानपोथी’ ही परिसरलेखनाची आद्य मराठी पोथी वाटते, आणि ती वाचल्याशिवाय वऱ्हाडच्या लेखकांबद्दल बोलू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

घाटाच्या पायथ्याशी, परतवाड्यात, १९१६ साली गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा, जन्मले. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो सह्याद्रीच्या गडांवरून. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीचा, ‘पडघवली’ कोकणातली. स्वातंत्र्याच्या चळवळीपायी कोवळ्या वयात घर सोडलेला हा मुलगा पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात आला, नर्मदेकाठी हिंडला आणि अखेर पश्चिम महाराष्ट्राचा झाला. पण बालपणीची बोली त्यांनी टाकली नव्हती. ‘पूर्णामायची लेकरं’ या कादंबरीत त्यांनी पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं वऱ्हाडीत बोलती केली. गोनीदांचा विषय निघाला की किल्ल्यांची यादी येते. ही कादंबरी त्या यादीमागे झाकली जाते याचं मला वाईट वाटतं.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की एका शिंपी कुटुंबातली कौतिक नावाची बाई आपला संसार तगवण्यासाठी झगडते आणि झगडताना झिजून जाते. ही गोष्ट कुठल्याही खेड्यात घडू शकली असती असं म्हणणं सोपं आहे. ते खरं नाही. कौतिकचा एकेक शब्द अमरावती जिल्ह्याच्या मातीतून वर आलेला आहे. तिचा राग, तिचं लेकरांना हाकारणं, शेजारणीशी भांडणं, मजुरीला जाण्याची तिची लगबग ही त्या बोलीबाहेर उभीच राहू शकत नाही. शेळक्यांच्या आधी मराठी कादंबरीत वऱ्हाडी बोली बहुधा गंमत म्हणून, एखाद्या गडी-माणसाच्या तोंडी येई. शेळक्यांनी तिच्यात दुःख बोलून दाखवलं. पुढे वऱ्हाडीत गंभीरपणे लिहिणाऱ्या प्रत्येकाची वाट ‘धग’नं सोपी केली. बुलढाण्याकडच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यातल्या शेतकऱ्याच्या घरातही मला कौतिकची चूल पेटलेली दिसते.

खेडं असं लिहिलं जात होतं तेव्हा अमरावती शहरही लिहिलं जात होतं. मनोहर तल्हारांनी ‘माणूस’ या कादंबरीत सायकलरिक्षा ओढणाऱ्याला नायक केलं. शहर त्याच्या पायांनी मोजायचं, चढ कुठे आणि उतार कुठे हे त्याच्या दमातून कळायचं, ही दृष्टी त्या काळात नवी होती. अमरावतीचा परकोट, जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट आणि कोटातल्या खिडक्या आजही गावाच्या तोंडी आहेत. या जुन्या शहरात १९३२ साली सुरेश भट जन्मले, इथेच शिकले. त्यांच्या गझलेत गावाचं नाव शोधू नये, ते सापडणार नाही. पण मैफलीत उभं राहून दाद घेणारा, भांडणारा, हट्टाला पेटणारा तो आवाज या गावानं घडवला. मधुकर केच्यांचा पिंड वेगळा. ‘आखर अंगण’ आणि ‘माझी काही गावं’ ही नावंच त्यांचा जीव कुठे गुंतला होता ते सांगतात. ललित लेखनात गाव आलं की आठवणींचा गोडवा फार होतो. केचे त्यातून बहुतेक वेळा सुटतात, कारण त्यांना गावातली माणसं गावापेक्षा जास्त आवडतात.

अकोल्याच्या बाजूला विठ्ठल वाघांनी काळी माती कवितेत आणली आणि वऱ्हाडी म्हणीही गोळा केल्या. दर्यापूरला राहून प्रतिमा इंगोले यांनी ‘अकसिदीचे दाने’सारख्या पुस्तकातून बायकांची वऱ्हाडी छापील पानावर आणली. तिचा ठसका पुरुषांच्या वऱ्हाडीपेक्षा वेगळा आहे. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’त अख्खं निवेदनच बोलीत केलं. मूर्तिजापूरचे कवी अनिल, बेलोऱ्याचे वसंत आबाजी डहाके हीही या भूमीचीच नावं, पण त्यांच्या कवितेचा प्रदेश मनातला अधिक. अकोल्यात १९१२ साली हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि अमरावतीत १९८९ साली के. ज. पुरोहित म्हणजे कथाकार ‘शांताराम’ अध्यक्ष होते. इथल्या वाचकाला पुस्तकाची गोडी नवी नाही, एवढं कळायला या दोन तारखा पुरेत.

आता पुन्हा घाट चढू.

मेळघाटावर जे जुनं छापील लेखन सापडतं, त्यात एक पुस्तक व्याकरणाचं आहे. जॉन ड्रेक या मिशनऱ्यानं लिहिलेलं, इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेचं व्याकरण १९०३ साली कलकत्त्याला छापलं गेलं. म्हणजे कोरकूचं व्याकरण छापून झाल्याला सव्वाशे वर्षं होत आली. त्यानंतर गॅझेटियर आले, वनखात्याच्या कार्य-आयोजना आल्या, मानववंशशास्त्रज्ञ आले. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले त्यात मेळघाट होता. मग वन्यजीवांवर लिहिणारे आले. १९९३ नंतर कुपोषणाच्या बातम्यांनी मेळघाट वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि बालमृत्यूंचे आकडे हीच त्याची ओळख होऊन बसली. ते लेखन गरजेचं होतं, त्यानं सरकारला हलवलं. पण आकड्यातल्या मुलाला नाव नसतं, त्याच्या आईला गाणं येतं का हे तक्त्यात विचारलेलं नसतं.

पाहुण्यांमधला सर्वांत मोठा लेखक मारुती चितमपल्ली. सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात छत्तीस वर्षं राहिला, नवेगाव-नागझिऱ्याबरोबर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या घडणीतही त्यांचा वाटा होता, आणि १९९० साली ते निवृत्त झाले. १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच त्यांचं निधन झालं. ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’, ‘चकवाचांदण’ ही पुस्तकं वाचून किती मुलं रानात गेली असतील, सांगता येणार नाही. चितमपल्लींचं मोठेपण मला एका गोष्टीत वाटतं. ते रानातल्या माणसाला गुरू मानत. गोंड, माडिया, कोळी, पारधी, ज्याला जे ठाऊक त्याच्याकडून त्यांनी पाखरांची-झाडांची नावं घेतली, खुणा घेतल्या, आणि मराठीला ‘काकागार’सारखे शब्द दिले. त्यांच्या पक्षिकोशामागे अशा अनेक अक्षरशत्रू जाणकारांचं ज्ञान उभं आहे. ते जाणकार स्वतः लिहिते असते तर मराठीत काय आलं असतं, हा प्रश्न चितमपल्ली वाचताना पडलाच पाहिजे.

मृणालिनी चितळे यांचं ‘मेळघाटावरील मोहर’ हे बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यावरचं पुस्तक मनापासून लिहिलेलं आहे. ते वाचून मेळघाटात काम करावंसं वाटतं. तरी त्यातली नजरही घाट चढून आलेल्या माणसाचीच आहे, आणि तशी ती असणारच.

मग कोरकूंनी काहीच लिहिलं नाही? लिहिलं, पण कागदावर नाही. कोरकू माणूस गेला की त्याच्या नावानं कोरीव लाकडी खांब उभारतात. त्याला मुंडा म्हणतात. त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेले असतात. होळीनंतर मेघनादाची पूजा होते, रस्त्यावर फगवा मागितला जातो, गदली-सुसूनचा नाच रात्रभर चालतो आणि त्या नाचाबरोबर गाणी येतात. पेरणीची, लग्नाची, माहेरची, वाघाची. भूमका, म्हणजे गावचा वैदू, ज्या जडीबुटीची नावं घेतो त्यांचा कोश त्याच्या डोक्यात असतो. समोरासमोर दोन रांगांत बांधलेल्या घरांचं कोरकू गाव हीच एक मांडणी आहे, कोण कुणाच्या शेजारी का, हे त्या ओळींत वाचता येतं.

आणि ही गावं आता हलताहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी खाली आली, मग वैराट, चुर्णी, अमोना, नागरतास, बारूखेडा अशी आणखी. काहींना शेती आणि शाळा जवळ झाली, काहींचं मन तिथे रमेना. हा वाद या लेखाचा नाही. लेखाचा मुद्दा एवढाच, की गाव हललं की त्या गावाची गाणी ज्या ओढ्याचं, ज्या मोहाच्या झाडाचं नाव घेतात ते डोळ्यांसमोरून जातं. नातवाला गाणं कळेल, जागा कळणार नाही. महानुभावांनी ‘स्थानपोथी’ लिहिली ती नेमकी याच भीतीनं. मेळघाटाला आज त्याच पोथीची गरज आहे.

हे अशक्य नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र-मध्य प्रदेश मिळून सव्वासात लाखांच्या आसपास माणसांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. तिचीच नातलग संताळी २००३ साली आठव्या परिशिष्टात गेली. रघुनाथ मुर्मूंनी तिला १९२५ मध्ये लिपी दिली होती, आज तिच्यात कादंबऱ्या आहेत, कवी आहेत, साहित्य अकादमीचे पुरस्कार आहेत. इतकं लांब जायचीही गरज नाही. याच सातपुड्याच्या पश्चिम टोकाला वाहरू सोनवणे यांनी भिली आणि मराठीतून ‘गोधड’ लिहिलं. यवतमाळच्या भुजंग मेश्राम यांनी ‘उलगुलान’मध्ये मराठी कवितेला गोंडी शब्दांची सवय लावली. भिल्ल लिहू शकतात, गोंड लिहू शकतात, तर कोरकू का नाही? त्यांची पोरं आज परतवाडा, अमरावती, अकोटच्या महाविद्यालयांत शिकताहेत, आश्रमशाळांत शिक्षक झाली आहेत. ती घरी कोरकू बोलतात, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तीन भाषांत जगणाऱ्या मुलाकडे लिहायला कमी असणार नाही. त्याला आजवर कुणी विचारलं नाही, एवढंच.

रिद्धपूरला २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. सेमाडोह त्याच जिल्ह्यात आहे. मराठीच्या त्या घराला माझी विनंती आहे, की पहिल्या दहा वर्षांत एक काम घाटावरचंही करावं: कोरकू गाणी गावाच्या, ओढ्याच्या, झाडाच्या नावासकट ध्वनिमुद्रित करावीत, देवनागरीत लिहून मराठी अर्थासह छापावीत, आणि हे काम कोरकू मुलामुलींच्या हातून, त्यांच्या नावानं व्हावं. आणि सेमाडोह, हरिसाल, हतरूच्या शाळांतल्या शिक्षकांनो, या दिवाळीच्या सुट्टीत पोरांना ‘माझे गाव’ हा निबंध द्यालच, तो एकदा कोरकूत लिहायला सांगा. वह्या जपून ठेवा.