‘डिफ’रन्स तो पडतोच!

रिमोटची रेसिंग कार घ्यायचीय? मोटर, बॅटरी, बॉडीचा रंग सगळं नंतर. आधी सांगा, ती पळणार कुठे?

पगार झाला की कुणी शूज घेतं, कुणी मोबाइल बदलतं. मी रिमोट कंट्रोलची कार घेतली! १:१० स्केल, फोर व्हील ड्राइव्ह, सेकंडहॅण्ड. मुंबईत बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती अशी काही सुसाट पळायची, की वॉचमनकाकाही फॅन झाले होते.

मग एका वीकएण्डला देवगिरी एक्स्प्रेसनं तिला मामाच्या गावी नेलं. परभणी जिल्हा, मानवत तालुका. कापूस निघालेलं रान, काळी माती, ढेकळं आणि हातभर भेगा. अर्धा तास धमाल! मग मोटर नुसतीच ओरडायला लागली, गाडी जागची हलेना. उघडून बघते तर डिफरन्शियलचा प्लास्टिकचा गिअर चक्क वितळलेला. पगारातला मोठा तुकडा तिथंच मातीत गेला.

‘‘काय झालं गं?’’ मामानं विचारलं.

‘‘डिफरन्शियल गेलं, मामा.’’

‘‘मंग ते तर आपल्या ट्रॅक्टरलाबी असतंय की!’’

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीत आहे. पण माझं लेक्चर बांधावरच झालं. मामानं ट्रॅक्टरच्या सीटखाली, टाचेजवळचं पेडल दाखवलं. डिफ लॉक! ‘‘चिखलात एक चाक नुसतं फिरायलंय अन् दुसरं गप बसलंय, तवा हे दाबायचं. वळायच्या आधी सोडायचं. नाही सोडलं तर ट्रॅक्टर सरळच पळतंय, नाही तर काही तरी तुटतंय.’’

आरसी कारचं अख्खं गणित यात आलं.

भानगड काय आहे?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत १६ सेंमी अंतर असेल, तर एका यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक सुमारे ५० सेंमी जास्त धावतं. हा फरक सांभाळतं ते डिफरन्शियल. पण साध्या, मोकळ्या डिफची एक खोड आहे. एक चाक हवेत गेलं की ते भिरभिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतच नाही. मोकळेपणा हवा, पण किती? सगळी चॉइस इथेच असते.

गिअर डिफ : बंद डबीत छोटे गिअर आणि सिलिकॉन ऑइल. तेल जितकं घट्ट, तितकी दोन्ही चाकं एकमेकांना धरून चालतात. बाटलीवरचा आकडा म्हणजे हा घट्टपणा. काही हजार सेंटिस्टोकपासून पाच लाखांपर्यंत तेलं मिळतात. डबी बंद असल्यानं धूळ आत जात नाही. माती, ढेकळं, गंगाखेडची गोदावरीची वाळू, सगळीकडे हेच टिकतं. मात्र मागच्या डिफचं तेल फार घट्ट केलं, तर वळणावर शेपूट घसरायला लागते. आणि उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तेल पातळ होतं. मग एक नंबर घट्ट भरायचं.

बॉल डिफ : गिअरच्या जागी बारीक गोळ्या, दोन चकत्यांमध्ये दाबलेल्या. १९८० च्या सुमारास ब्रिटनच्या सेसिल शूमाकर यांनी ते आरसी कारसाठी आणलं (फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरशी घोळ करू नका!). चाल एकदम मऊ आणि सेटिंग एका स्क्रूवर. हलक्या गाडीला, गुळगुळीत ट्रॅकवर मस्त. पण वरचेवर खोलून साफ करावं लागतं आणि स्क्रू सैल राहिला की गोळ्या घसरतात, तापतात. माझ्या गाडीत हेच होतं. सैल स्क्रू, ढेकळांवर आदळणारी चाकं, वर मातीची पूड. गिअर वितळला नसता तरच नवल!

लॉक्ड डिफ : दोन्ही चाकं कायम एकत्र. मामानं पेडल दाबून ठेवल्यासारखं. जिंतूरजवळच्या नेमगिरीसारख्या खडकाळ जागी हळूहळू चढणारा क्रॉलर असेल, किंवा गुळगुळीत फरशीवर ड्रिफ्टिंग करायचं असेल तर बेस्ट. डांबरी रस्त्यावर मात्र वळताना टायर घासतात आणि अॅक्सलवर ताण येतो.

मग घ्यायचं कुठलं?

दुकानदार विचारेल, ‘‘बजेट किती?’’ तुम्ही आधी तुमची जमीन सांगा. पहिलीच गाडी असेल, वीकएण्डलाच पळवायची असेल आणि दर रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचा पेशन्स नसेल, तर डोळे मिटून गिअर डिफ. पुढे मधल्या घट्टपणाचं तेल, मागे त्याहून थोडं पातळ. तेल बदलून बघा, पण एका वेळी एकच डिफ. नाही तर फरक कशामुळे पडला, कळणारच नाही. बॉल डिफची गाडी हातात आलीच, तर पळवण्याआधी स्क्रू तपासा. मी तेवढंच केलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मी गिअर डिफ बसवून पुन्हा मामाकडे गेले. तेच रान, तीच ढेकळं. तासभर गाडी पळाली आणि बॅटरी संपली तेव्हाच थांबली. मला मात्र वळवायलाही मिळाली नाही. रिमोट मामाच्या हातात होता ना!