अपरात्रीं वाजणारें दार

दिवसाढवळ्या एखादा पोलीस शिपाई घरीं आला, तर शेजारीपाजारी चार प्रश्न विचारतात. पण घरांतील माणसें घाबरून जात नाहींत. तोच शिपाई रात्रीं एक वाजतां आला, कीं सारें घर जागें होतें, लहान मुलें आईला बिलगतात, म्हातारीं माणसें अंथरुणावर उठून बसतात, आणि दुसरे दिवशीं सबंध आळींत त्या घराविषयीं कुजबूज सुरू होते. आलेला शिपाई कदाचित् दोन प्रश्न विचारून परत गेलेला असतो. पण घराच्या अब्रूला जो ओरखडा पडावयाचा, तो पडून चुकलेला असतो. अमरावती-अकोल्याकडील, म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील, श्रोत्यांपुढें आज हाच विषय मांडावयाचा आहे. पोलिसांना अपरात्रीं नागरिकाच्या घरीं केव्हां येतां येतें, केव्हां येतां येत नाहीं, आणि ही मर्यादा कोणीं व कशी आंखून दिली?

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रात्रीं येणारा प्रत्येक पोलीस अन्याय करण्यासाठींच येतो, असें मुळींच नाहीं. अपघाताची वार्ता त्यालाच घरोघर पोंचवावी लागते. दरोडेखोर रात्रींच हिंडतो. मग त्याचा पाठलाग करणारानें उजाडण्याची वाट पाहावी, असें कोणीहि शहाणा माणूस म्हणणार नाहीं. म्हणून कायद्यानें रात्रीं घरीं येण्यास सरसकट बंदी केलेली नाहीं. कायदा जो प्रश्न विचारतो तो निराळा आहे: आपण कोणत्या कामासाठीं आलां, आणि त्या कामाचा अधिकार आपणांस कोणत्या कायद्यानें दिला? हीं कामें मुख्यतः तीन असतात: पाळत, अटक आणि झडती. या तिहींचे नियम वेगवेगळे आहेत, आणि लोकांचा घोटाळा होतो तो बहुधा येथेंच.

प्रथम पाळतीचा विचार करूं. एखाद्याचें नांव पोलीस ठाण्याच्या दप्तरांत संशयित म्हणून चढलें, कीं तो रात्रीं घरीं आहे किंवा नाहीं हें पाहण्यासाठीं शिपाई त्याच्या दारावर थाप मारतो. नवा गुन्हा घडलेला नसतो, हातांत वॉरंट नसतें. केवळ खात्री करून घ्यावयाची असते. या रिवाजाची कसोटी लागली ती खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यांत. १९४१ सालीं खरक सिंग याला दरोड्याच्या संशयावरून पकडण्यांत आलें होतें, आणि पुरावा नसल्यानें सोडून देण्यांत आलें होतें. तथापि पोलिसांनीं त्याच्या नांवाची ‘हिस्ट्री शीट’ उघडली. मग चौकीदार आणि शिपाई रात्रीं त्याच्या दाराशीं येत, हांका मारीत आणि त्याची झोंप मोडीत. १८ डिसेंबर १९६२ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींनीं निकाल दिला, आणि रात्रीं घरीं जाण्याची परवानगी देणारें पोलीस नियमावलींतील कलम राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाविरुद्ध ठरवून रद्द केलें. त्याचें मुख्य कारण असें, कीं ती नियमावली कायदेमंडळानें केलेल्या कायद्याच्या बळावर उभी नव्हती. तो केवळ खात्याचा अंतर्गत हुकूम होता. नुसत्या हुकमाच्या आधारें नागरिकाच्या स्वातंत्र्यावर घाला घालतां येत नाहीं, हें तत्त्व त्या दिवशीं पक्कें झालें. पाळतीचीं इतर कलमें मात्र बहुमतानें कायम राहिलीं. न्या. सुब्बा राव आणि न्या. शहा यांनीं वेगळा निकाल लिहून तीं सर्वच कलमें घटनाबाह्य मानलीं.

पुढें १९७५ सालीं गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला आला. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशांतच होता, म्हणून या खटल्याकडे आपण अधिक जिव्हाळ्यानें पाहावें. तेथील नियमांना १८६१ च्या पोलीस कायद्याचा आधार असल्यामुळें न्यायालयानें ते रद्द केले नाहींत. पण न्या. मॅथ्यू यांनीं त्यांना फार अरुंद कुंपण घातलें. समाजाच्या सुरक्षिततेला उघड धोका असेल, तेवढ्याच प्रकरणांत अशा घरभेटी व्हाव्यात. एखादा इसम शिक्षा भोगून सुटला एवढ्यावरून, किंवा अधिकाऱ्याच्या मनांत आलें म्हणून, त्या नित्यनेमानें होऊं नयेत, असा त्या निकालाचा आशय आहे. अखेरीस २४ ऑगस्ट २०१७ रोजीं निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनीं एकमुखानें सांगितलें, कीं खासगी जीवन हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. खरक सिंगच्या निकालांत खासगीपणाचा हक्क नाकारणारा जो भाग होता, तोहि या वेळीं पुसला गेला. हाच धागा धरून केरळच्या उच्च न्यायालयानें २०२५ सालीं स्पष्ट केलें, कीं पाळतीच्या नांवाखालीं अपरात्रीं संशयिताचें दार ठोठावण्याचा अधिकार पोलिसांना नाहीं.

हे खटले दूरच्या प्रांतांचे, असें कोणास वाटेल. पण पाळतीचा सर्वांत कडवट अनुभव वऱ्हाडच्याच मातींत आहे. अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांतून फासेपारध्यांचे बेडे आहेत. इंग्रजांनीं १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ सालीं तो साऱ्या हिंदुस्थानास लागू करण्यांत आला आणि १९२४ सालीं नव्यानें बांधला गेला. या कायद्याखालीं माणसाचा गुन्हा सिद्ध होण्याची आवश्यकताच उरली नाहीं. जन्म पुरेसा होता. नोंद झालेल्या माणसानें ठरलेल्या वेळीं हजेरी द्यावी, बोटांचे ठसे द्यावेत, आणि गांव सोडावयाचें तर परवाना घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला, आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊं लागल्या. परंतु कायदा पुसला म्हणजे संवय पुसली असें होत नाहीं. आसपास चोरी झाली, कीं प्रथम बेड्यावर जावयाचें, ही रीत कायद्यामागें कित्येक वर्षें टिकून राहिली. नांदगांव खंडेश्वर तालुक्यांत मंगरूळ चव्हाळा येथें मतीन भोसले यांनीं फासेपारध्यांच्या मुलांसाठीं जी शाळा उभी केली, तिचें नांवच ‘प्रश्नचिन्ह’ असें आहे. बेड्यावरील मुलानें रात्रीं शांतपणें झोंपावें कीं नाहीं, हाहि त्यांतलाच एक प्रश्न होय. सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं दोन निरनिराळ्या प्रकरणांत या दुखण्याची दखल घेतली: केवळ जातीच्या वा जमातीच्या नांवावरून हिस्ट्री शीट उघडूं नये, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनें अटक होऊं नये, असें न्यायालयानें बजावलें.

‘हें पारध्यांचें दुःख, आमच्या दाराशीं कोण येतो?’ असें म्हणून पांढरपेशा समाजानें निश्चिंत राहूं नये. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना मुंबईंत बिर्ला हाउसमधून नेण्यांत आलें, तें परकी राज्य होतें. पण २५ जून १९७५ च्या मध्यरात्रीनंतर जयप्रकाश नारायण यांना दिल्लींतील गांधी शांति प्रतिष्ठानांतून उठवून नेण्यांत आलें, तेव्हां राज्य आपलेंच होतें. त्यानंतर देशभर विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यांत आलें. अशा स्थानबद्धांची दाद ऐकण्याचा अधिकार आपणांस आहे, असें अनेक उच्च न्यायालयांनीं ठरविलें होतें. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचें नागपूर खंडपीठहि होतें. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा बहुमतानें तें दार बंद केलें. एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध मत देऊन उभे राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें २१ वा अनुच्छेद आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहीं अशी तरतूद झाली, आणि १९७६ चा तो निकालहि २०१७ सालीं रद्दबातल ठरला. यांतून एकच बोध घ्यावयाचा: एका घराचें दार असुरक्षित ठेवलें, तर कालांतरानें कोणत्याच घराची कडी भक्कम राहत नाहीं.

आतां अटकेकडे वळूं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. दखलपात्र गुन्ह्यांत पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करतां येते, आणि पुरुषाच्या बाबतींत वेळेचें बंधन नाहीं. तथापि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची आवश्यकता नसेल, तर हजर राहण्याची लेखी नोटीस देण्याचा मार्ग ३५ व्या कलमांत सांगितला आहे. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल आणि इसम साठीच्या पुढचा वा दुर्बल असेल, तर उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. स्त्रियांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीं अटक करूं नये, हा सामान्य नियम आहे. अगदीं अपवादात्मक प्रसंग असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्यानें लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधीं परवानगी घेतली पाहिजे. या नियमाचा पूर्वेतिहास आपल्याच राज्यांतला आहे. मुंबई उच्च न्यायालयानें १९९५ सालीं रात्रींच्या अशा अटकेस पूर्ण मनाई केली; २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती सैल केली; आणि २००६ पासून संसदेनें मधला मार्ग कायद्यांत घातला. निवळ जबाब घ्यावयाचा असेल, तर स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना, साठीवरील पुरुषांना, अपंगांना आणि गंभीर आजारी माणसांना घराबाहेर ठाण्यावर येण्याची सक्ती करतां येत नाहीं.

झडतीसाठीं सर्वसाधारण कायद्यांत रात्रीची वेगळी बंदी नाहीं. पण रीत ठरलेली आहे. वॉरंटाशिवाय झडती घेणाऱ्या तपासी अधिकाऱ्यानें आपलीं कारणें आधीं लिहून ठेवावींत, आसपासचे दोन प्रतिष्ठित पंच बोलवावेत, जप्त मालाची यादी करून तिची प्रत द्यावी, आणि साऱ्या झडतीचें ध्वनिचित्रमुद्रण करावें, असें संहिता सांगते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेंच घ्यावयाची असते. अमली पदार्थांच्या कायद्यांत तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेंत वॉरंटाशिवाय शिरावयाचें असेल, तर अधिकाऱ्यानें आपल्या समजुतीचीं कारणें प्रथम नोंदविलीं पाहिजेत, असें बंधन आहे.

मग रात्रीं दार वाजलें तर गृहस्थानें काय करावें? प्रथम घाबरूं नये, आणि अरेरावीहि करूं नये. दार उघडण्यापूर्वीं नांव, हुद्दा आणि ठाणें विचारावें. गणवेशांतील तोतया चोरहि असूं शकतो, म्हणून शंका आल्यास ११२ या क्रमांकावर खात्री करून घ्यावी. काम अटकेचें, झडतीचें कीं नुसत्या चौकशीचें, हें सरळ विचारावें. वॉरंट असल्यास तें पाहावयास मागावें. अटक वा झडती कायदेशीर असेल तर अडथळा करूं नये. अधिकार सांगूनहि दार उघडलें नाहीं, तर तें तोडण्याची मुभा कायदा देतो. अटक झाल्यास तिचें कारण विचारावें. अटकेच्या टिपणावर घरच्या माणसाची किंवा गांवांतील प्रतिष्ठित इसमाची साक्ष असावयास पाहिजे. कोणत्या ठाण्यावर नेलें हें नातेवाइकांना कळविलें जाणें हा हक्क आहे, आणि चोवीस तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें केलें जाणें हाहि हक्कच आहे. प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. वकील करण्याची ऐपत नसेल, तर अमरावती आणि अकोला येथील जिल्हा विधि सेवा प्राधिकरणांकडे जावें. घडलेल्या प्रकाराची वेळ, नांवें आणि शब्द सकाळ होण्यापूर्वींच कागदावर टिपून ठेवावेत. तक्रारीच्या वेळीं आठवणीपेक्षां असा कागद अधिक कामास येतो.

या नियमांनीं पोलिसांचे हात बांधले जातात, अशी ओरड कधीं कधीं ऐकूं येते. ती बरोबर नाहीं. नियम पाळून आलेल्या अधिकाऱ्याचा पुरावा न्यायालयांत टिकतो, आणि गांवहि त्याला साहाय्य करतें. धाकानें उघडलेल्या दारामागून मात्र खरी माहिती क्वचितच बाहेर येते. राज्य कायद्याचें आहे किंवा नाहीं, हें राजधानींतील इमारतींवरून कळत नाहीं. मेळघाटांतील पाड्यावर, अकोल्याच्या चाळींत किंवा पारध्याच्या बेड्यावर रात्रीं दार वाजल्यावर आंतला माणूस ‘कोण आहे?’ असें निर्भयपणें विचारूं शकतो कीं नाहीं, यावरून तें कळतें.