एका गावाचा ठराव

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे 2022 मध्ये या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव मंजूर केला आणि गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. हा ठराव रस्त्याचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. तो गावातील विधवांच्या मानाचा होता.

उर्दूत आपण जिला 'बेवा' म्हणतो, तिला मराठीत विधवा म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक हिंदू घरांत पती वारला की पत्नीचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात, पायांतील जोडवी काढतात. पुढे तिला हळदी-कुंकवाला बोलावत नाहीत. मंगल कार्यात तिला मागे ठेवतात. जिला आधार हवा, तिचाच चारचौघांत अपमान होतो.

मुलांनो, हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. घरातील स्त्रीचा अपमान करणे, तिला हिणवणे, हाही छळच आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने हे मान्य केले आहे.

कोरोनाच्या साथीत अनेक तरुण स्त्रियांचे पती दगावले. तेव्हा या प्रथेतील क्रूरपणा अधिकच जाणवू लागला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी ती बंद करण्यासाठी मोहीम हाती घेतली. 'माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथेची सक्ती करू नये,' अशा अर्थाचे प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःच करून दिले. आधी केले, मग सांगितले!

हेरवाडने त्यांच्या हाकेला ओ दिली. ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा. तिथे श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष सर्वांना बोलण्याचा हक्क असतो. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव एका स्त्रीने मांडला, दुसरीने त्याला अनुमोदन दिले आणि सभेने तो मंजूर केला. राजर्षी शाहू महाराजांचे ते स्मृतिशताब्दी वर्ष होते. याच शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता.

17 मे 2022 रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढले. इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडप्रमाणे पुढे यावे, असे त्यात सांगितले होते. जिल्ह्यातील माणगावनेही तसाच ठराव केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि शाहू महाराज 1920 च्या परिषदेत एकत्र आले होते, तेच हे माणगाव.

परंतु ठराव झाला म्हणजे काम संपले असे नाही. ग्रामसभेच्या ठरावाने कोणाला शिक्षा करता येत नाही. प्रथा मोडायची ती घरात, आणि तीही दुःखाच्या घटकेला. त्या वेळी 'बांगड्या फोडू नका' असे म्हणणारे कोणीतरी तिथे हवे. मुलगा, दीर, सासू, शेजारीण, कोणीही चालेल. ठरावामुळे अशा माणसाला बळ मिळते. 'हे माझे एकट्याचे म्हणणे नाही, सगळ्या गावाचे आहे,' असे त्याला सांगता येते.

स्त्रीला कमी लेखणाऱ्या प्रथा कोणत्याही एका समाजात किंवा एका गावात नसतात. कुठे मुलीची शाळा आधी सुटते, कुठे तिच्या ताटात शेवटी वाढले जाते. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात असे काय चालते? त्याविरुद्ध पहिला शब्द कोण बोलेल? हेरवाडच्या स्त्रिया बोलल्या आणि गावाने त्यांना साथ दिली. चांगल्या कामाची सुरुवात अशीच होते.