आईचा बॅकअप

बारावीला बायोलॉजी सोडली तेव्हा बेडकापासून कायमची सुटका झाली, असं मला वाटलं होतं. मग गेल्या वर्षी कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरच्या आदल्या रात्री ताईचा फोन आला. तिला दिवस गेले होते, सातवा आठवडा. थायरॉईडची गोळी ती लग्नाआधीपासून घेते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अशा दिवसांत असल्या गोळ्या घेऊ नयेत," म्हणून तिने ती दहा दिवस बंद ठेवली होती. बरोबर केलं ना, हे ती मला विचारत होती! (इंजिनिअरिंगला गेलेल्याला सगळं कळतं, असा आमच्या घरी समज आहे.) मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार. डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी सुरू करायला लावली, वर डोसही वाढवला.

वाढवला का? पेपर संपल्यावर वाचत बसलो. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते; पुरेसं थायरॉक्सिन बनवायला तिला अठरा-वीस आठवडे उजाडतात. मेंदूची पायाभरणी मात्र त्याआधीच चालू असते. तोवर सगळा पुरवठा आईच्या रक्तातून, वारेमार्फत. निरोगी बाईची ग्रंथी मागणी वाढली की उत्पादन वाढवते. ताईची ग्रंथीच अधू, म्हणून गोळी वाढवायची. १९९९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणी ज्यांच्या थायरॉईडवर उपचार झाले नव्हते, त्या आयांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. हे वाचून माझी झोप उडाली. दहा दिवस म्हणजे किती नुकसान? डॉक्टर म्हणाले, शरीरात साठा असतो, वेळेत आलात.

खरी गंमत पुढे आहे. काही बाळांना जन्मतःच थायरॉक्सिन अजिबात बनवता येत नाही. १९८९ मध्ये हॉलंडच्या डॉक्टरांनी अशा बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर त्यात थायरॉक्सिन सापडलं. अर्थातच आईचं! म्हणून अशी बाळं जन्मताना अगदी नॉर्मल दिसतात. होस्टेलची लाईट गेली तरी यूपीएसवर पीसी चालू असतो, तसंच. नाळ कापली की हा बॅकअप काही दिवसांत उतरतो. बाळ सुस्त होतं, रडणं घोगरं येतं, कावीळ लांबते. पण हे सगळं इतकं हळूहळू होतं की लक्षात येईपर्यंत मेंदूचं नुकसान झालेलं असतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मूल चारचौघांसारखं वाढतं. तीच ताईची स्वस्त गोळी!

तपासणी नाळेच्या रक्तावर होते, नाहीतर टाचेला टोचून कागदावर थेंब घेतात. टाचेचं रक्त ४८ तासांनंतर घ्यायचं, कारण जन्मल्यावर अर्ध्या तासातच बाळाचं टीएसएच उसळी मारतं. आपला तो ओव्हरशूट. सेटल व्हायला वेळ द्यावा लागतो.

ताईच्या हॉस्पिटलात ही तपासणी आपणहून करत नव्हते. दाजींनी मागितली, तेव्हा झाली. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी मेसच्या फोनपाशीच घुटमळत होतो.

टीएसएच नॉर्मल आलं. भाची रात्री तीन वाजता रडते. आवाज अजिबात घोगरा नाही. दाजींनी फोनवर ऐकवला.