'कॅन'ला चेकमध्ये काय म्हणाल?

प्रागच्या ग्राहकाला चेकमध्ये मेल लिहिताय? इंग्रजीत एकच 'कॅन', पण चेकमध्ये तीन शब्द.

'आम्हाला बांबूच्या टोपल्या विणता येतात', हे कौशल्य झालं: 'उमीमे'. 'शुक्रवारी माल पाठवू शकतो', ही शक्यता: 'मूझेमे'. 'तुमचा फोटो वापरू का?' ही परवानगी: 'स्मीमे'.

आता खरी गोम बघा. 'खात्यात जाता येत नाही' असं आपण म्हणतो. या 'येत नाही'ला भुलून 'नेउमीमे' लिहाल, तर समोरच्याला वाटेल, यांना लॉगिन कसं करायचं तेच माहीत नाही! 'नेस्मीमे' लिहाल, तर वाटेल मनाई आहे. तिथे लिहा: 'नेमूझेमे से दोस्तात दो ऊच्तु', म्हणजे खात्यात पोहोचू शकत नाही.

मेल पाठवण्याआधी स्वतःला विचारा: येत नाही, जमत नाही की परवानगी नाही?