नेरळचे स्टेशन

आगगाडी आज कोणाला नवी राहिलेली नाही. लहान पोरेसुद्धा एकमेकांचे सदरे धरून झुकझुक गाडी खेळतात. पण आपल्या गावात गाडी का थांबते? हे रूळ कोणी टाकले? कशासाठी टाकले? त्यात गावाला काय मिळाले आणि गावाचे काय गेले? हे आपण फारसे विचारीत नाही. म्हणून आज आम्ही तुम्हांला एका गावच्या स्टेशनची हकीकत सांगणार आहोत. गावाचे नाव नेरळ.

नेरळ रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. मुंबईपासून रेल्वेने सुमारे ८६ किलोमीटर. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी आणि मध्ये भाताची खाचरे. मुंबईहून कर्जतला जाणारी लोकल गाडी इथे थांबते.

रूळ आले कापसासाठी

आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. गाडीला चौदा डबे होते आणि ओढायला तीन इंजिने होती. आत सुमारे चारशे पाहुणे बसले होते. मुंबई ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर गाडीने सुमारे सव्वा तासात तोडले. बैलाशिवाय, घोड्याशिवाय गाडी पळते, हे पाहायला दुतर्फा माणसांची गर्दी लोटली होती.

गाडी चालवणाऱ्या कंपनीचे नाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. लोक तिला थोडक्यात जी.आय.पी. म्हणत. कंपनी विलायतेची होती. पण मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई अशा इथल्या मोठ्या माणसांनीही खटपट केली होती.

आता कंपनीला काय ठाण्यापर्यंतच जायचे होते? छे! तिची नजर घाटापलीकडे होती. घाटावर कापूस पिकत होता. विलायतेच्या गिरण्यांना तो कापूस हवा होता. बैलांच्या पाठीवरून, बैलगाड्यांतून कापूस मुंबईच्या बंदरावर यायला आठवडेच्या आठवडे लागत. वाटेत तो भिजे, मळे, त्याचा भाव पडे. रेल्वे झाली की हाच माल एकदोन दिवसांत बंदरावर येईल, असा कंपनीचा हिशेब होता.

१८५४ साली रूळ कल्याणला पोचले. कल्याणला दोन फाटे फुटले. एक फाटा कसाऱ्याकडे आणि पुढे नाशिककडे गेला. दुसरा फाटा कर्जतकडे वळला, तो पुण्याला जाण्यासाठी. १२ मे १८५६ रोजी या दुसऱ्या फाट्यावरून गाडी खोपोलीपर्यंत धावू लागली. ती नेरळवरूनच गेली. म्हणजे देशात रेल्वे सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, तेवढ्यात नेरळच्या शिवारात रूळ आले होते.

घाटातले मजूर

पुढे बोरघाट आडवा आला. काही वर्षे पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरे. तिथून पालखीत, तट्टावर नाही तर पायी घाट चढून खंडाळ्याला जाई आणि तिथे पुन्हा गाडीत बसे. अखेर १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली.

हा घाट फोडायला सात वर्षांहून अधिक काळ लागला. कातळात पंचवीस बोगदे खणावे लागले. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे तिथे राबत होती. पटकी, ताप, सुरुंगाचा धोंडा, कड्यावरून पडणे, अशा कारणांनी हजारो मजूर मेले. १८५९ साली मजुरीवरून मजूर चिडले आणि मोठा दंगा झाला. त्याच साली घाटाच्या कामाचा नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, काम हाती ठेवले आणि ते पुरे करून घेतले.

ठेकेदारांची नावे कागदावर राहिली. मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आज आपण खिडकीशी बसून घाट पाहतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

स्टेशन गावाचे कसे झाले

हे सारे होताना नेरळचा विचार कोणी केला होता? खरे सांगायचे तर कोणीच नाही. नेरळ हे नुसते वाटेवरचे गाव. पण वाटेवरच्या गावालाही कधी कधी दिवस येतात. नेरळला ते माथेरानमुळे आले.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले. त्यांना तिथली थंड हवा आवडली. मग साहेबलोक आणि मुंबईचे धनिक तिथे बंगले बांधू लागले. पाहुणे गाडीने नेरळला उतरत. पुढे डोंगर चढायला घोडा, पालखी किंवा आपले पाय. ओझे वाहायला, पालखी उचलायला, घोडा धरायला माणूस लागे. दूध, भाजी, लाकूडफाटा लागे. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांतली माणसे त्या कामाला लागली. साहेबाची सुट्टी आणि गरिबाची हमाली, असा तो मामला होता. तरी पण घरात रोख पैसा येऊ लागला, हेही खरे.

पुढे मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने डोंगरावर रेल्वे नेण्याचे मनावर घेतले. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम काढले. १९०७ साली नेरळ ते माथेरान गाडी सुरू झाली. हिचे रूळ अगदी जवळजवळ, दोन रुळांत फक्त दोन फुटांचे अंतर. वाट सुमारे २० किलोमीटरची. डोंगर उभा, म्हणून रूळ सापासारखे वळणे घेत वर जातात. सरळ चढली तर गाडी मागे घसरेल. वळणावळणाने चढ सोपा होतो. घाटातला बैलगाडीचा रस्ताही असाच असतो, नाही का?

या गाडीला पावसाचा फार त्रास. २००५ सालच्या मोठ्या पावसात रूळ वाहून गेले. ते नीट व्हायला २००७ साल उजाडले. २०१९ साली पुन्हा दरड आणि पाणी यांनी मार्ग मोडला. मग २०२२ साली गाडी परत सुरू झाली. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी मुद्दामच बंद ठेवतात.

वीज आली, आणि एक वीर

मोठ्या रेल्वेवर आधी कोळशाची इंजिने होती. १९२५ साली मुंबई ते कुर्ला विजेची गाडी धावली. ही देशातली पहिली विजेची गाडी. १९२९ साली कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या. त्या नेरळवरून गेल्या.

विजेची गोष्ट निघाली की या भागात एक नाव निघतेच. ते म्हणजे भाई कोतवाल. त्यांचा जन्म १९१२ साली माथेरानला, एका नाभिक घरात झाला. ते शिकून वकील झाले आणि गरीब शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९४२ च्या चलेजाव चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला. या दस्त्याने विजेच्या तारांचे मनोरे पाडले. मुंबईचे कारखाने नि गाड्या अडल्या की सरकार हादरेल, असा त्यांचा बेत होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. साहेबाच्या सोयीसाठी माथेरान वसले, आणि त्याच माथेरानचा मुलगा साहेबाच्या राज्याशी लढला.

लोकलचे गाव

आज नेरळ हे लोकलचे गाव आहे. पहाटे अंधारातच फलाटावर माणसे जमतात. कोणी गिरणगावातल्या नव्या कचेऱ्यांत जातो, कोणी ठाण्याच्या दुकानात, कोणी दवाखान्यात, कोणी कॉलेजात. मालडब्यात भाजीच्या पाट्या चढतात. "मावशी, पाटी जरा आत घ्या," "दादा, हात द्या वर," असे आवाज चालतात. मुंबई गाठायला सुमारे दोन तास. परत यायला दोन तास. म्हणजे दिवसाचे चार तास गाडीतच.

आता हिशेब मांडू या. स्टेशनने गावाला काय दिले? कामधंदा दिला. शिकायला वाट दिली. अडल्यानडल्याला मोठा दवाखाना जवळ आणला. शहरात राहण्याचे भाडे वाचवले. मग घेतले काय? माणसाचा वेळ घेतला. बाप घरी येतो तेव्हा पोर झोपलेले असते. खाचरेही गेली. स्टेशनजवळ घर हवे म्हणून शहरातली माणसे आली, जमिनीचे भाव चढले आणि भाताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जमीन एकदाच विकता येते, पैसा मात्र चार दिवसांत सरतो. म्हणून आम्ही सांगतो, जमिनीच्या कागदावर सही करण्याआधी तो स्वतः वाचा. सात-बारा पाहा. न कळले तर जाणत्या माणसाला विचारा. वाचायला शिकलात ते यासाठीच.

आणि सर्वांत मोठे मोल जिवाचे. मुंबईच्या लोकल मार्गांवर अलीकडे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतली कितीतरी रूळ ओलांडताना मरतात. पुलाचा फेरा नको, दोन मिनिटे वाचतील, एवढ्यासाठी! विजेची गाडी फार आवाज करीत नाही. ती दूर दिसते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अंगावर येते. ती चटकन थांबूही शकत नाही. शिवाय रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे. त्याला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

माणूस माणसाला तारतो

नेरळच्या अलीकडे शेलू, त्याच्या अलीकडे वांगणी. एप्रिल २०२१ मध्ये वांगणीच्या फलाटावरून एक अंध आई आपल्या लहान मुलाला घेऊन चालली होती. मूल तोल जाऊन रुळावर पडले. समोरून गाडी येत होती. आईला दिसेना, मुलाला वर चढता येईना. तेव्हा तिथला एक पॉइंटस्मन, म्हणजे रुळांचे सांधे पाहणारा रेल्वेचा कामगार, रुळावरून धावत गेला. त्याने मूल उचलून फलाटावर टाकले आणि स्वतः वर चढला, तोच गाडी आली. त्याला बक्षीस मिळाले. त्यातली अर्धी रक्कम त्याने त्या मुलाला दिली.

आणखी एक गोष्ट. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला. कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून अधिक माणसे होती. रात्र त्यांनी गाडीतच काढली. सकाळी सरकारी पथके होड्या घेऊन आली, आणि आसपासचे गावकरीही धावले. सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले.

विलायतेच्या कंपनीने रूळ टाकले ते कापसासाठी. त्या रुळांचे गावकऱ्यांशी नाते जडले ते असे.

आता तुम्ही काय कराल?

स्टेशनवर गेलात की पाटी वाचा. गाडी कुठे जाते ते वाचा. कल्याणच्या पुढे दोन फाटे आहेत, हे आपण पाहिले. कर्जतऐवजी कसाऱ्याच्या गाडीत बसलात, तर नेरळ येणारच नाही! न वाचणारा माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. वाचणारा पाटीकडे पाहतो.

तिकिटावरचे गावाचे नाव, तारीख आणि पैसे वाचा. अडचण आली तर १३९ या नंबरवर फोन करा. पुलावरूनच पलीकडे जा आणि शेजाऱ्यालाही हाताला धरून पुलावर न्या. पुलाच्या पायऱ्या चढायला दोन मिनिटे जास्त लागतील. लागू द्या. घरची माणसे वाट पाहत असतात, ती गाडीची नव्हे, तुमची.